आईची पिशवी आणि हत्ती

ती जंगलात पाहुण्यांची जीप चालवायची. जंगलाच्या फाटकावर तिला सगळे 'मास्तरीण' म्हणत. जीपमध्ये उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, हात बाहेर काढायचे नाहीत आणि खाण्याचा कणही सोबत न्यायचा नाही, हे ती पाहुण्यांना दरडावून सांगे. नऊ वर्षांत तिने बड्या बड्या साहेबांच्या पिशव्या फाटकावर उलट्या केल्या होत्या.

त्या सकाळी मात्र तिच्या शेजारी पहिल्यांदाच तिची आई बसली होती. फिरायला नव्हे, लेकीला घरी न्यायला आली होती.

"एक फेरी बघते तुझी, मग सामान आवर. मावशीने शाळेत कारकुनाची जागा बघून ठेवलीय."

"आधी फेरी तर बघ!"

मागे बसलेल्या चौघांच्या पिशव्या तिने तपासल्या. आईच्या पिशवीला हात लावायला मन धजेना.

पाणवठ्याच्या वळणावर एकटा हत्ती उभा होता. तिने लांबच जीप थांबवली. हत्तीने सोंड उंच केली, हवा हुंगली आणि तो सरळ जीपकडे निघाला.

"आई, पिशवीत काय आहे?"

"काही नाही गं."

"आई!"

"केळी. तू सकाळपासून उपाशी, म्हणून म्हटलं..."

हत्ती वीस पावलांवर आला. कान सुपासारखे पसरलेले. मागची बाई किंचाळणार, तोच नवऱ्याने तिचं तोंड दाबलं. आईने केळी भिरकावायला हात उचलला.

"टाकू नकोस! आज मिळाली तर उद्या तो प्रत्येक जीपच्या मागे लागेल. पायाशी पेटी आहे, त्यात कोंब. झाकण लाव आणि गप्प बस!"

आईला ती जन्मात पहिल्यांदा गप्प बस म्हणाली होती. आईने केळी पेटीत कोंबली, झाकण लावलं आणि खरोखर गप्प बसली.

आरशात नजर ठेवून ती मुंगीच्या पावलांनी जीप मागे घेऊ लागली. एवढ्यात हत्ती चीत्कारत अंगावर धावला! पळालो तर तो पाठलाग करणार. तिने ब्रेक दाबला. जीप जागची हलली नाही.

हत्ती पाच पावलांवर थबकला. धुळीचा लोट सगळ्यांच्या नाकातोंडात गेला. त्याने डोकं झटकलं. ती पुन्हा हळूहळू मागे सरकली. शेवटी हत्ती फुरफुरत झाडीत वळला.

"आता श्वास घ्या," ती म्हणाली, तेव्हा कुठे तिलाही तो घेता आला.

फाटकावर तिने स्वतःच वहीत लिहिलं : 'पिशवी तपासली नाही. चूक माझी.' वनखात्याच्या साहेबांनी आठ दिवसांसाठी तिच्याकडून गाडी काढून घेतली आणि विचारलं, "आणि पिशवी कुणाची?"

"आईची."

साहेबांनी हसू दाबलं.

बाहेर आई फोनवर मावशीला सांगत होती, "अगं, घराएवढा हत्ती! आणि ही कार्टी मला म्हणते, गप्प बस! अगं, हत्तीसुद्धा ऐकतो हिचं! ती जागा दे बाई दुसऱ्या कुणाला तरी. मी? मी आठ दिवस इथेच. नवव्या दिवशी हिच्या जीपमध्ये पुन्हा बसणार आहे."