आत्याचं नाक

भंगारवाला ज्याला हात लावत नाही, ते सगळं त्या शेडमध्ये यायचं. गोळ्यांची रिकामी पाकिटं, टूथपेस्टच्या नळ्या, शाम्पूच्या पुड्या. आसपासच्या बायका धुऊन, वाळवून आणत आणि आत्यापुढे ओतत. आत्या ढिगातला एक तुकडा कात्रीने कापायची, चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्यायची, विझवायची आणि धूर हुंगायची. मेणासारखा वास आला की पॉलिथीन. ते वितळून त्याच्या फळ्या होत. नाकात सुई टोचल्यासारखं झालं की पीव्हीसी. ते बाजूला, कारण यंत्रात तापलं की त्यातून आम्लाचा वायू सुटतो. आणि यंत्रापाशी आत्याची सूनच उभी असायची.

नवरा गेला तेव्हा आत्या इथे झाडायला आली होती. वास घ्यायला तिला एका म्हाताऱ्या कामगाराने शिकवलं. पुढे तो गेला, त्याची जागा आत्याला मिळाली आणि झाडू दुसरीच्या हातात गेला. बावीस वर्षं झाली. मुलगा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असे, घरात दोघीच. सून म्हणायची, "आमच्या आत्यांपासून काही लपत नाही. काल मी शेजारी चहा प्याले, तेसुद्धा कळलं!"

दोन महिन्यांपूर्वी आत्याला चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी ती चुलीपाशी भाजी निवडत बसली असताना शेजारच्या भांड्यातलं दूध करपून काळं झालं. तिला पत्ताच नाही. त्या दिवशी तिने कांदा हुंगला, रॉकेल हुंगलं, स्वतःचा पदर हुंगला. काही नाही. आत सगळं सारवून कोरं केल्यासारखं.

तिने कुणाला सांगितलं नाही. नाक गेलं तर आत्याकडे उरणार काय? पुन्हा झाडूच. येईल परत, असं म्हणत ती रोज कामावर गेली. तुकडा जाळायची, डोळे मिटून हुंगायची, कपाळाला आठी घालायची आणि हाताला लागेल त्या अंदाजाने सांगायची, "चालेल."

त्या सकाळी मिस्त्रीने यंत्र उघडलं होतं. आतला लांब स्क्रू त्याने उजेडात धरला. लोखंडाला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते.

"आत्या, हे बघितलंत? आम्लाने खाल्लंय. पीव्हीसी जातंय कुठून तरी."

"माझ्या हातून नाही जाणार."

"तुमच्या नाकावर शंका घेईन तर माझं नाक कापा," मिस्त्री हसला. "पण लोखंडाची ही गत, मग वहिनींच्या छातीचं काय?"

सून तोंडाला ओढणी बांधत होती. ती खोकली. बरेच दिवस ती खोकत होती, आणि आत्या तिला रोज हळदीचं दूध देत होती.

मिस्त्री यंत्र जोडून गेला. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाई पोतं घेऊन आल्या. चादरी ज्यात मिळतात त्या चेनवाल्या, पारदर्शक पिशव्या. "आत्या, उगाच नाक मुरडू नका हं! चार दिवस धुतेय."

पाचसहा बायका बघत उभ्या होत्या. आत्याने तुकडा जाळला. ज्योत धरेना, मेणबत्तीपासून दूर नेला की विझे. वाऱ्याने असेल. तिने हुंगलं.

"चालेल."

सुनेने पोतं यंत्रात ओतलं. घरघर सुरू झाली. आत्या दुसऱ्या ढिगाकडे वळली, पण तिचे हात चालेनात. विझलेला तुकडा चिमट्यात तसाच होता. पॉलिथीन असं आपणहून विझत नाही. तिने मान वळवली तेव्हा सून डोळे पुसत होती.

"बंद कर!" आत्या ओरडली. "पीव्हीसी आहे ते!"

"तुम्हीच तर म्हणालात—"

"मला वास येत नाही गं. तापापासून."

घरघर थांबली. सुनेने ओढणी खाली केली आणि सासूकडे पाहिलं.

यंत्र नुसतं बंद करून भागत नाही. तापल्या नळीत अडकलेला माल जळत राहतो. मागून शुद्ध पॉलिथीन घालून तो ढकलून काढावा लागतो. आत्याने सुनेच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं.

"सगळ्या बाहेर व्हा. तूही."

यंत्र चालू करून ती पांढरे तुकडे आत सोडायला लागली. यंत्राच्या तोंडातून तपकिरी लगदा येत होता. डोळ्यांची आग होत होती, घसा सोलवटत होता. वास मात्र नव्हता. साफ झालं की नाही, हे तिला कळणार नव्हतं.

"येतोय का गं अजून?" तिने दाराकडे न बघता विचारलं.

"येतोय."

तिने आणखी एक घमेलं ओतलं.

"आता?"

दारातून फक्त खोकला आला. तो थांबेना.