तुळशीतला पतंग

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अंदमानहून लखनऊला बदली झाली, तेव्हा बाबांनी तुळशीच्या कुंडीत एक अळी मुद्दाम राहू दिली. सामान बांधायच्या आदल्या दिवशी ती कोष करायला मातीत शिरली. बाबा हवाई दलातले, पण त्या कुंडीला जपताना पहिलटकरणीच्या बापासारखे घुटमळायचे. तुळस आजीनं दिलेल्या मंजिऱ्यांची होती. आजी गेल्यापासून युनिफॉर्म चढवण्याआधी बाबा रोज तिला पाणी घालत.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी, छावणीतल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, कुंडीच्या काठावर हॉक मॉथ बसलेला दिसला. एवढा मोठा पतंग, पाठीवर कवटीसारखी खूण. मातीतून रिकामा कोष डोकावत होता. "आला आमचा बेटावरचा पाहुणा," बाबा म्हणाले. पण जात नक्की व्हायची ती मागच्या पंखांवरून, आणि बसलेल्या पतंगाचे ते पंख झाकलेले असतात. बेटावरच्याचे मुळाशी काळे, इकडच्याचे पिवळेधमक.

"कशाला बघत बसायचं? उडून जाऊ दे की," आई म्हणाली. ती एरवीही किड्यांना घाबरायची, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

उडण्याआधी अंग तापवायला तो थरथरू लागला. पंख फाकले.

"बाबा, ये तो पूरा पीला है," मी म्हणाले.

पतंग गेला. मग आपला बेटावरचा कोष कुठे, म्हणून बाबांनी माती उकरली. दुसरा कोष नव्हताच. मुळांभोवती नर्सरीची काळी प्लास्टिकची पिशवी निघाली, नव्या रोपाबरोबर येते तशी. मी हादरलेच. रोज दिवेलागणीला आजी समजून मी जिला नमस्कार करत होते, ती कुठल्यातरी नर्सरीतून आणलेली.

बाबांचे हात मातीतच राहिले. "आपली कुठंय?"

"इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात, लूच्या गरम वाऱ्यानं जळाली," आई म्हणाली. "तुम्ही बाहेरगावी ड्यूटीवर होतात."

"अगं, माझी आई गेल्याचंसुद्धा तूच सांगितलं होतंस मला. मग हे का नाही सांगितलंस?"



"तेव्हा तुमचा चेहरा बघितला होता ना मी," आई म्हणाली. "परत कुठल्या तोंडानं सांगू?"