तिसऱ्या तख्तावर कोण बसतं?

किर्गिझस्तानातल्या डोलोन घाटात उरकुयाच्या चहाखान्यात बसाय-लवंडायला तीन लाकडी तख्तं होती. दोहोंवर ट्रकवाले जेवून लवंडायचे, तिसऱ्यावर मात्र हल्ली मांजरसुद्धा चढेना. तिथं म्हणे अल्बार्स्ती येते. पिवळ्या केसांची हडळ, झोपलेल्याच्या छातीवर बैठक मारणारी. सहा जणांना तिनं भरदुपारी दाबलं होतं. आता गाड्या थांबेनातच. असंच चाललं तर बर्फ पडायच्या आत चूल विझवून उरकुयाला भावाच्या दारात जावं लागणार होतं.

"डोळे टक्क उघडे, एजे, पण बोट हलेना!" ट्रकवाला मेदेरबेक उभ्यानंच चहा भुरकत उरकुयाला म्हणाला. सगळ्या ट्रकवाल्यांची ती एजे, थोरली ताई.

"दिसायला कशी होती रे?"

"पोलिसाची टोपी होती. गाडीचे कागद मागत होती."

उरकुयानं कान टवकारले. जानुझाक ट्रकवाल्याच्या छातीवर बसलेली तर त्याच्या बायकोच्या आवाजात विचारत होती, 'कुठं उलथला होतास?' एका हडळीची इतकी सोंगं?

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रकवाल्यांसारखंच ताटभर कुरदाक, तळलेलं मटण-बटाटा, चापलं, मटणाचा शेवटचा तुकडाही सोडला नाही, आणि तिसरं तख्त गाठलं. ते इतकं अरुंद की उताणं झोपण्यावाचून गत्यंतर नाही. डोळा लागला. मग उघडला. छत दिसत होतं, किटलीची वाफ दिसत होती, पण हात जागचा हलत नव्हता. छातीवर धोंड! आणि धोंडीवर कोण? अकरा वर्षांपूर्वी वारलेली सासू.

"भांडी कोण घासणार? तुझा बाप?"

अल्बार्स्तीचे केस धरले की ती पळते, एवढं उरकुयाला ठाऊक होतं. कसंबसं एक बोट हललं, मग मूठ वळली. केस हाताशी लागताच तिनं हिसडा मारला आणि बोंब ठोकून उठली.

मुठीत तिचीच वेणी होती!

ती हसत सुटली ती ट्रकवाले धावत आले तरी थांबेना. "अरे मुडद्यांनो, पोट टम्म आणि झोप उताणी! मग डोळे आधी जागे होतात, अंग मागं घोरत राहतं. माणूस घाबरतो, आणि ज्याला जो छळतो तोच वर येऊन बसतो. माझी सासू आली रे!" असं म्हणून तिनं सासूचा आवाज काढला तसा मेदेरबेकच्या नाकातून चहा आला.

"माझ्यावर कोण बसेल?" म्हणत जानुझाकचा मेहुणा तख्तावर चढलासुद्धा.

आठवड्याभरात तिसऱ्या तख्तासाठी नंबर लागू लागले. गाड्या घाटात मुद्दाम थांबू लागल्या, चूल धगधगत राहिली.

उरकुया मात्र कुशीवरच झोपते. तेही भांडी घासून झाल्यावर.