शिकागोचं विमान येईपर्यंत

मला खाली घेतलं तेव्हा मी जिवंत होते. खाटेवरून उचलून सारवलेल्या भुईवर निजवलं आणि तोंडात तुळशीचं पाणी घातलं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं मीठपाणी सगळं गेलं होतं. जीभ उचलत नव्हती, पण कान चांगले होते.

दीर उशाशी मोबाईल घेऊन बसले होते. माझा थोरला मुलगा शिकागोहून निघाला होता.

"तेरा हजार किलोमीटर हाय," ते जमलेल्या बायांना सांगत होते. "सोळा तासात येते पोट्टं." मग माझ्या कानाशी वाकले. "वैनी, सोळा तास दम धरा. मंग काय करायचं ते करा."

मोबाईल सरळ रेषेतलं अंतर सांगत होता. थोरल्यानं फोनवर नीट सांगितलं होतं की विमान आधी आखातात उतरेल, तिथं दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागेल, मग मुंबई, मग संभाजीनगर. दिरांचा भरवसा मोबाईलवर.

आमच्या घरी गाडी आहे. लोणारचा दवाखाना गाडीनं अर्ध्या तासावर. पण थोरला तिकडे घराबाहेर पडला तशी इकडून गाडीही निघाली होती. विमान लवकर आलं तर अमेरिकेचा माणूस रस्त्यावर उभा राहील का, असं दिरांचं म्हणणं. त्यामुळे धाकटा मुलगा संभाजीनगरला विमानतळाबाहेर गाडी लावून बसला होता, आणि त्याचा भाऊ अजून समुद्रावर होता.

धाकटी सून म्हणाली, "काकाजी, आत्याबाईले दवाखान्यात नेऊ न."

"काऊन? रस्त्यात काही झालं तं? पोरगं एवढ्या दुरून येऊन मायचं तोंड एसटी स्टँडवर पाह्यन काय?"

"जित्तं पाह्यन," सून म्हणाली.

तिनं दोन शेजारणींना हाक मारली. चादरीत घालून मला फाट्यावर नेलं. लोणारची एसटी थांबली. कंडक्टरनं पहिलं माझं आधार कार्ड मागितलं, कारण पंचाहत्तरीच्या वर तिकीट लागत नाही.

"भाऊ, वय मंग पाहा. आधी बुढीचे पाय उचला," सून म्हणाली.

त्यानं उचलले. आमच्या घरातल्या एकाही पुरुषानं त्या दिवशी तेवढं केलं नव्हतं.

दवाखान्यात सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी मी चहा मागितला, आणि तो बिनसाखरेचा दिला म्हणून नर्सशी भांडले.

थोरला पोचला तेव्हा मी बिस्किट खात होते. पाया पडला, रडला. मग जरा घुटमळला. ऑफिसात आई गेली असं सांगून त्यानं सुट्टी काढली होती.

"आता त्यांना काय सांगू?"

"सांग, विमान लवकर पोचलं," मी म्हणाले.

दीर पुढच्या वर्षी गेले, झोपेतच. मी आहे. सून आहे.