ठकीचा झरा

खोडाळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकणारी ठकी म्हणजे नुसती जीभ नव्हे, कोयता. एसटीनं डहाणूला जायची, बोंबील, सुकट, जवळ्याच्या गोणी घेऊन यायची. कंडक्टर नाकाला रुमाल लावून म्हणायचा, "मावशी, टपावर टाका ते!" ठकी म्हणायची, "जेवताना नाही रे वास येत तुला?" घरात जमिनीचा तुकडा नाही, नवरा गेलेला, सासरी-माहेरी सात पिढ्यांची मजुरी. तरी बाईनं धंदा असा उभा केला, की मोखाड्याच्या बाजारातही तिच्या गोणीभोवती गर्दी.

आता असल्या बाईनं कमाईचं काय करावं? अंगावर दागिना घालावा, घरावर धड छप्पर टाकावं. हिनं काय घेतलं? झरा!

ठकीच्या पाड्याखाली उंबराच्या मुळाशी बारमाही झरा होता. जागा तुळशीदास गुरुजींची, पण पाणी सगळ्यांचं. होळी झाली की घरटी एक माणूस फावडं घेऊन उतरायचं, गाळ काढायचं, उंबराला नारळ फोडायचं. पुढे गुरुजींनी नाशकात घर बांधायला काढलं आणि इथली जागा झऱ्यासकट विकायला काढली. एक पाहुणा गाडी घेऊन आला, बंगला कुठं आणि तारेचं कुंपण कुठून कुठं, ते हातानं दाखवून गेला. पाडा लांबून बघत राहिला. पुंजा म्हातारा पाड्याचा कर्ता, तो म्हणाला, "त्याची जागा, तो विकंल. आपण काय बोलणार?"

ठकीच्या अंगाचा तिळपापड झाला. तडक गुरुजींच्या दारात गेली. "तो पाहुणा देतो तेवढं मी देते. पण पाणी कुणाला कोंडू देणार नाही." गुरुजी आधी हसले. मग तिनं कमरेची पिशवी सोडली, तेव्हा हसायचे थांबले. इतक्या वर्षांचा नफा एका बैठकीत गेला, पण ठकी घरी आली ती नाचतच.

आणि त्याच आनंदात बाईनं घोळ घातला. सगळ्या पाड्याला जेवण घातलं! भात, बोंबलाचं कालवण, पोटभर. त्या पाड्याची चाल अशी, की जागा घेणाऱ्यानं जेवण घालायचं. ज्यानं ते खाल्लं त्यानं हद्द मानली; मग आत पाय टाकायचा तो घेणाऱ्याला विचारूनच. चाल ठकीला ठाऊक नव्हती असं नाही. पण तिच्या डोक्यात एकच, की सगळ्यांचं पाणी वाचलं, सगळ्यांनी गोड मानून खावं. लोकांनी खाल्लं, हात धुतले आणि हद्द मानली.

पुढच्या होळीनंतर ठकी फावडं घेऊन झऱ्यावर उभी. कोणी येईना. ऊन डोक्यावर आलं तशी पुंजाकडे गेली. म्हातारा म्हणाला, "तुझी जागा, तुझं काम. मजुरी देशील तर चार माणसं लावतो."

"मजुरी? आपल्याच पाण्याची?"

"आपलं नाही गे बाय. तुझं. तुझं जेवण जेवलोय आम्ही."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. शिव्या दिल्या, हात जोडले, शेवटी मजुरी दिली. दरसाल देत राहिली. लोकांच्या तोंडी उंबराचा झरा जाऊन ठकीचा झरा झाला. बायकांना रोज विचारायची लाज वाटायची, मग त्या खाली नदीवरून गढूळ पाणी वाहायच्या. शेजारची सकू तर ठकीच्या दारावरून तो हंडा घेऊन चढायची. ठकी ओरडायची, "मेलीस का गं? घे की इथलं!" सकू म्हणायची, "नको बाय, कुणाचं उपकार नको." ही सकू हिच्याच ताटाला ताट लावून वाढलेली. ठकीला रडू यायचं, आणि रडू आलं की ती आणखी वाईट बोलायची.

मग रमेशचं, तिच्या मुलाचं, लग्न झालं. सून भारती कामसू, नीटनेटकी. मोखाड्याच्या एका बाजाराच्या दिवशी ठकी संध्याकाळी परतली, तर झऱ्याच्या वाटेवर करवंदीच्या काट्यांचं कुंपण. थेट वाटेवर!

"कुणी घातलं हे?"

"मी, आई," भारती कौतुकाच्या आशेनं म्हणाली. "विकत घेतलं नी कुंपण नाही, असं कुठं असतं?"

ठकीनं गोणी टाकली आणि हातांनीच काटे ओढायला लागली. पोरीला बोलावं तर काय? तिनं चुकीचं काय केलं होतं? तळवे सोलवटले, रक्त आलं, भारती रडत आडवी आली, तरी ठकी थांबली नाही. वाट मोकळी केली.

नदीवरून सकू येत होती. ती थांबली, ठकीच्या हातांकडे बघितलं. आपल्या हंड्यातलं पाणी तिनं त्या हातांवर ओतलं, पार रिकामा केला.

"आता जा गं," ठकी म्हणाली, "झऱ्यावर भरून घे."

सकू मोकळ्या वाटेच्या तोंडाशी गेली आणि तिथंच थांबली. हंडा कमरेवर, पाय पुढे पडेना.

"येऊ ना?"

ठकीनं सोलवटल्या हातानं नुसती वाट दाखवली. सकू हलली नाही.

शेवटी ठकीला म्हणावंच लागलं, "ये."

तेव्हा कुठं सकू आत आली.