डोहाळजेवणाआधीची डोकेदुखी

सुनेला सातवा महिना होता आणि रविवारी डोहाळजेवण. विद्यानगरपासून कोठीपर्यंतच्या वस्त्यांतल्या ओळखीच्या एकूण एक मराठी बाईला मी आवतण देऊन बसले होते. काचीगुड्याच्या आमच्या तीन खोल्यांत त्या मावणार कुठे, हा विचार बोलावून झाल्यावर सुचला. फुलवाल्याला फोन, झोपाळ्यासाठी फोन; पाय ठरत नव्हता.

त्यातच शुक्रवारी दवाखान्याची नर्स आली. ती दर महिन्याला घरी येऊन पोटुशीनं काय खावं, काय जपावं ते शिकवायची. शिकायचं सुनेनं, उत्तरं द्यायची मी.

"पैरां सूजे क्या?" तिनं इथल्या दखनी हिंदीत सुनेला विचारलं.

"सूजे नै, बदन भरा है उसका," मी.

"अम्मा, पेट आपका है क्या?"

आणि मला पाणी आणायला पिटाळलं. आमच्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं, न ऐकण्याची सोय नाही. सून हळू आवाजात सांगत होती: दोन दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सासूबाईंनी एवढ्या जणींना बोलावलंय, म्हणून घरात बोलले नाही.

पाणी घेऊन आले तर बीपीचा पट्टा दुसऱ्यांदा दंडावर चढला होता.

"अब्बीच दवाखाने को जाना."

"सोमवार को चलता क्या?" असं मी विचारलं. हो, मीच.

"सोमवार तक बच्चे को कुछ हुआ तो?" नर्सनं सुनेच्या बोटांकडे हात केला. जोडवी मांसात रुतली होती. सवाष्णीनं जोडवी उतरवायची नसतात, हे मीच तिला लग्नात बजावलं होतं. खोबरेल चोळून मीच ती ओढून काढली. सून ओठ चावत होती.

दवाखान्यात पोटावर यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघतेय, त्या पडद्याकडे. मग टपटप टपटप, पळत सुटल्यासारखे ठोके. बाळ ठीक होतं. आईचं बीपी मात्र उतरायचं नाव घेईना, ठेवूनच घेतलं.

सुनेनं खाटेवरूनच सगळ्या बायकांना रविवार रद्द झाल्याचं कळवलं. मी खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"आई, बसा हो," ती म्हणाली. "तुमच्या येरझाऱ्या मोजूनच माझं बीपी चढतंय."

बसले. नर्स पुन्हा पट्टा घेऊन आली, तशी उठले.