शेजारणीच्या वाट्या

पत्नी गेल्यावर मी दांडिया बाजारातल्या एका खाणावळीत जेवू लागलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बडोद्याच्या एका कारखान्यात नेपाळसाठी ट्रान्सफॉर्मर तयार होत होता. तो तपासायला आलेला तिकडचा इंजिनियर माझ्यासमोर जेवायला बसे. गोड डाळीला रोज नावं ठेवी आणि रोज दुसऱ्यांदा मागून घेई. मला तो दाजू म्हणे, म्हणजे दादा.

"घरी कोणी करणारं नाही?" एकदा त्याने हिंदीत विचारलं.

मी सांगितलं, शेजारच्या बेन भाजी पाठवतात. पण आमच्याकडे वाटी रिकामी परत करायची रीत नाही. आता तिच्यात घालू काय? वाट्या साचल्या आहेत. बेन जिन्यात दिसल्या तरी मी दार लावून घेतो.

त्याने बोट पाण्यात बुडवून टेबलावर एक रेघ ओढली.

"ही सरहद्द. पावसाळ्यात आमच्या नद्या भरतात, तेव्हा थोडी वीज तुमच्याकडे येते. हिवाळ्यात त्या आटतात, तेव्हा आम्ही तुमच्याकडून घेतो. हिवाळ्यात लाजत बसलो तर अंधारात बसावं लागेल, दाजू."

मग बाहीने रेघ पुसून त्याने डाळ मागितली.

त्या संध्याकाळी मी वाट्या घासून रिकाम्याच शेजारी नेल्या.

"आव्या खरा," बेन म्हणाल्या. "घरमां एके वाडकी नथी, भाई. काले कढी प्यालामां पीधी." त्यांच्या घरात एकही वाटी उरली नव्हती; कालची कढी पेल्यातून प्यावी लागली होती.

त्यांनी त्यातलीच एक वाटी भरून पुढे केली. मी ती दोन्ही हातांनी घेतली.